आवाज येतोय, चित्र नाही: वॉरंटी संपलेल्या टीव्हीची बॅकलाइट

टीव्ही लावला की आवाज नीट येतो, रिमोटने चॅनल बदलतात, पण पडदा काळाकुट्ट. वॉरंटी संपलेल्या एलईडी टीव्हीचं हे नेहमीचं दुखणं. 'डिस्प्ले गेला' असं सांगून अख्ख्या पॅनलचा आकडा ऐकवला जातो, तो नव्या टीव्हीच्या आसपास जातो आणि माणूस नवीन घ्यायला निघतो. खरं तर अशा बऱ्याच टीव्हींचं पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारी काच, शाबूत असतं. गेलेली असते ती बॅकलाइट, म्हणजे पाठीमागून उजेड देणाऱ्या एलईडीच्या पट्ट्या, आणि ३२ इंचीच्या पट्ट्यांचा पूर्ण सेट काही शे रुपयांत मिळतो.

गोम एवढीच की ही स्वस्त वस्तू महागड्या काचेच्या पाठीमागे बसवलेली आहे. पट्टी बदलणं सोपं, काच न फोडता तिथवर पोचणं अवघड. म्हणून काच उचलण्याआधी बाहेरून होईल तेवढी सगळी तपासणी उरकायची, आणि पट्ट्या बदलून झाल्यावर काच परत उचलायची वेळ येणार नाही असं काम करायचं. पुढचं सगळं या हिशोबानेच सांगतो.

पहिली तपासणी फुकटातली. खोलीत अंधार करा, टीव्ही चालू करा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याला टेकवून तिरका धरा. प्रकाशाच्या त्या छोट्या गोलात चित्र हलताना दिसलं, मेनू उघडल्यावर अक्षरं दिसली, तर पॅनल चालू आहे आणि बॅकलाइट बंद आहे. काहीच दिसलं नाही तर मामला मदरबोर्ड, टी-कॉन (पॅनलला चित्राचे सिग्नल देणारा बोर्ड) किंवा खुद्द पॅनलचा असू शकतो, तिथे पट्ट्यांवर पैसे घालू नका. त्याच अंधारात मागच्या जाळीतूनही डोकावून बघा. पट्ट्या पेटत असतील तर फटींतून पांढरा उजेड झिरपताना दिसतो.

बॅकलाइट एकदम जातेच असं नाही, आधी इशारे देते. टीव्ही लावल्यावर एक-दोन सेकंद चित्र दिसून गुडूप होणं म्हणजे ड्रायव्हरने (पट्ट्यांना करंट पुरवणाऱ्या सर्किटने) पट्टीत बिघाड ओळखून स्वतःला बंद केलं. काही सेट अशा वेळी लाल दिवा मिचकावतात किंवा पुन्हापुन्हा चालू-बंद होतात. वीस मिनिटं चालून मग अंधार, आणि थंड झाल्यावर पुन्हा ठीक, असं होत असेल तर एखाद्या एलईडीचा सांधा गरम झाल्यावर सुटतोय. पडद्यावर एका जागी सावलीसारखा पट्टा म्हणजे तिथले एक-दोन एलईडी मेलेत. उलट एखादा झगझगीत पांढरा ठिपका दिसत असेल तर तिथल्या एलईडीवरची उजेड पसरवणारी लेन्स गळून पडली आहे. टीव्ही हळूच तिरका केला की आत खडखड आवाज येतो तो तिचाच. आणि सगळं चित्रच निळं-जांभळं पडलं असेल तर एलईडीवरचा फॉस्फरचा पिवळा थर भाजला आहे, मेनूत रंग कितीही फिरवले तरी ते जायचं नाही.

मागचं झाकण उघडण्याआधी प्लग सॉकेटमधून काढा. नुसतं बटण बंद करून भागणार नाही. सप्लाय बोर्डवरच्या सगळ्यात जाड कॅपॅसिटरमध्ये २३० व्होल्ट मेनवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतो, मोठ्या सेटमध्ये पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असेल तर ३८० ते ४०० व्होल्ट. दहा मिनिटं थांबा, मग मल्टीमीटर डीसीच्या मोठ्या रेंजवर ठेवून मोजा. व्होल्टेज शिल्लक असेल तर २.२ किलोओहमचा १० वॅटचा रेझिस्टर टोकांना लावून ते उतरवा. स्क्रूड्रायव्हर आडवा घालून ठिणगी काढायची पद्धत दुकानोदुकानी दिसते. ती कॅपॅसिटरलाही वाईट आणि हातालाही. बॅकलाइटच्या वायरींवरही चालू स्थितीत ४० पासून २०० पर्यंत डीसी व्होल्ट असू शकतात. ते कमी समजू नका.

आता सप्लाय बोर्डवरून पॅनलच्या पोटात जाणारी दोन किंवा चार वायरींची बारीक पिन शोधा. बोर्डवर एलईडी प्लस आणि एलईडी मायनस असं छापलेलं असतं. ती पिन काढून पॅनलच्या बाजूच्या वायरींना एलईडी टेस्टर लावा. बॅकलाइटचं काम करायचं असेल तर हा टेस्टर घेतलाच पाहिजे. तो शून्यापासून साधारण ३०० व्होल्टपर्यंत आपोआप चढतो, करंट थोडा देतो आणि पट्टीने किती व्होल्ट घेतले ते दाखवतो.

निदान त्या आकड्यात असतं. समजा ३२ इंची टीव्हीत ६-६ एलईडीच्या दोन पट्ट्या सिरीजमध्ये आहेत आणि एलईडी ६ व्होल्टचे आहेत. बारा सक्के बहात्तर, म्हणजे टेस्टरवर सत्तरच्या आसपास आकडा हवा. ६४-६५ दिसला तर एक एलईडी शॉर्ट आहे. काहीच पेटलं नाही आणि आकडा टेस्टरच्या वरच्या टोकाला जाऊन बसला तर कुठेतरी एलईडी किंवा सांधा ओपन, म्हणजे तुटलेला, आहे. सगळं पेटलं तरी लगेच खूश होऊ नका. टेस्टरचा करंट टीव्हीच्या ड्रायव्हरपेक्षा खूप कमी असतो. पंधरा-वीस मिनिटं पेटत ठेवा, मगच पट्ट्या चांगल्या म्हणा.

काही सेटमध्ये पट्ट्या सिरीजऐवजी पॅरललमध्ये असतात. तिथे एक पट्टी ओपन झाली की तिच्या वाट्याचा करंटही दुसरीत घुसतो. म्हणून अर्धा पडदा अंधारलेला टीव्ही 'चालतोय तोवर चालवू' म्हणून बघत बसलं की थोड्याच दिवसांत उरलेला अर्धाही जातो.

टेस्टर नसेल तर मल्टीमीटरच्या डायोड रेंजवर ३ व्होल्टचा एलईडी मंद पेटतो, तोही मीटरने तेवढे व्होल्ट दिले तर. ६ व्होल्टच्या एलईडीत आत दोन चिप सिरीजमध्ये असतात, तो मीटरवर पेटणारच नाही. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि १ किलोओहमचा रेझिस्टर एवढ्यावर तो तपासता येतो, पण एकेक करून, म्हणजे पॅनल उघडल्यावरच.

टेस्टरवर पट्ट्या झकास पेटल्या तर दोष ड्रायव्हरकडे बघा. सप्लाय बोर्ड आणि मदरबोर्डमधल्या केबलच्या पिनांजवळ नावं छापलेली असतात. बॅकलाइट ऑनच्या पिनवर टीव्ही चालू झाल्यावर बहुधा ३ व्होल्टच्या आसपास येतात. ते येतच नसतील तर मदरबोर्ड हुकूमच देत नाही. हुकूम येतोय पण एलईडी प्लसवर ड्रायव्हरला मिळणारे १२ किंवा २४ व्होल्टच जसेच्या तसे दिसताहेत, तर बूस्ट, म्हणजे व्होल्टेज वाढवण्याचं काम, होत नाही: मॉस्फेट (स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर), त्याच्या शेजारचा जाड डायोड, आउटपुटचा फुगलेला कॅपॅसिटर किंवा ड्रायव्हर आयसी यांतलं काहीतरी गेलंय. आणि व्होल्टेज झपकन वर जाऊन खाली येत असेल तर ड्रायव्हर आपलं काम बरोबर करतोय, पट्टीच खराब आहे. बोर्ड दुरुस्त केल्यावर पहिल्यांदा वीज देताना ६० किंवा १०० वॅटचा जुना बल्ब मेनच्या वायरीत सिरीजमध्ये घाला. शॉर्ट राहिला असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि नवा मॉस्फेट वाचतो.

पट्टी मागवताना टीव्हीचं मॉडेल सांगून भागत नाही. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या खेपेला वेगवेगळी पॅनल आलेली असतात. पट्टीवर छापलेला नंबर, मिलिमीटरमध्ये लांबी, एलईडी किती, ते ३ व्होल्टचे की ६ व्होल्टचे, कनेक्टर कुठल्या टोकाला आणि स्क्रूची भोकं कुठे, हे सगळं जुळलं पाहिजे. फोटो काढून पाठवा. साताऱ्यात किंवा सांगलीत दुकानात मिळाली तर उत्तम, नाहीतर पुण्याच्या तापकीर गल्लीतून नाहीतर ऑनलाइन मागवायची. थोडक्यात, पॅनल उघडल्याशिवाय बरोबर पट्टी कळत नाही आणि पट्टी येईपर्यंत पॅनल उघडं राहतं. तेवढे दिवस काच भिंतीला टेकवून ठेवू नका. नंबर आणि मापं घेतली की शीट, काच, फ्रेम पुन्हा जागेवर बसवून चार स्क्रू लावून ठेवा. थोडं डबल काम होतं, पण घरात मुलं, मांजर, पाहुणे असतात.

आता मुख्य काम. काचेची जाडी जेमतेम मिलिमीटरभर असते आणि तिच्या एका कडेला पातळ तपकिरी फिल्मच्या पट्ट्या असतात, त्यांवरच पॅनलच्या चिप बसवलेल्या असतात. यातली एक जरी किंचित चिरली तरी पडद्यावर उभा पट्टा कायमचा, आणि ती घरी जोडता येत नाही. सगळी काळजी या पट्ट्यांची.

टेबल टीव्हीपेक्षा मोठं हवं, वर घडी नसलेलं ब्लँकेट. फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि सीलिंग फॅन बंद करा. सांगलीच्या एप्रिलमध्ये हे जिवावर येतं, पण फॅनखाली शीट उडतात आणि धूळही. उसाचा हंगाम असेल, आसपास पाचट पेटवलं असेल, तर त्या दिवशी कामाला हातच घालू नका. गच्चीवर उतरणारी ती काळी काजळी दोन शीटांच्या मधे शिरली की पांढऱ्या चित्रावर ठिपका कायम दिसत राहतो, आणि बोटाने झटकायला गेलं तर फरफटून रेघ उठते.

आधी टी-कॉनकडे जाणारी केबल सोडवा, मग काचेच्या कडेच्या अरुंद बोर्डाचे स्क्रू आणि क्लिपा. सगळी पुढची फ्रेम निघाली की तो बोर्ड कागदी टेपने काचेच्या मागे अलगद चिकटवून घ्या, लोंबकळू देऊ नका. दोन माणसं, दोन्ही बाजूंनी, व्हॅक्यूम कप लावून, सरळ वर. ४३ इंच आणि त्याच्या पुढे एकट्याने उचलायचा प्रयत्न म्हणजे पॅनलचा निरोप. फिल्मच्या बाजूला कधीही पकडायचं नाही. काच स्वच्छ कापडावर आडवी ठेवा आणि वर दुसरं कापड टाका.

काचेखाली शीट असतात, बहुधा दोन-तीन पातळ आणि त्याखाली एक जाड पांढरी डिफ्युझर प्लेट. काढताना प्रत्येकाचा फोटो घ्या. क्रम आणि वरची बाजू चुकली तर चित्रामागे एलईडीचे गोल दिसू लागतात किंवा चमक पडते. हातात सुती मोजे घाला, कारण प्रिझम शीटवर उठलेला बोटाचा ठसा पुसला की आणखी पसरतो.

तळाच्या पांढऱ्या रिफ्लेक्टरच्या भोकांतून आता लेन्स वर आलेल्या दिसतील. जिथे एलईडी जास्त तापला तिथे रिफ्लेक्टर पिवळा-तपकिरी पडलेला असतो. एज-लिट टीव्हीत मात्र असं काही दिसणार नाही; तिथे खालच्या किंवा बाजूच्या कडेला एकच लांब पट्टी आणि समोर ॲक्रिलिकची जाड प्लेट असते. ती प्लेट एलईडीच्या बाजूला भाजली असेल तर नव्या पट्टीनेही त्या कडेला पिवळेपणा राहणार, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

इथे मोह होतो तो एक मेलेला एलईडी बदलण्याचा, किंवा त्याची दोन टोकं वायरने जोडून मोकळं होण्याचा. करंट स्थिर ठेवणाऱ्या ड्रायव्हरवर एक एलईडी असा बायपास चालून जातो, तिथे सावली राहते इतकंच. दोन-तीन केले की व्होल्टेज एवढं घटतं की ड्रायव्हर शॉर्ट समजून बंद पडू शकतो. एकच एलईडी बदलायचा म्हटलं तर ॲल्युमिनियमची पट्टी सोल्डरिंग गनची सगळी उष्णता पिऊन टाकते, खालून हॉट प्लेट लागते. शिवाय नवा एलईडी पांढराशुभ्र आणि शेजारचे जुने मळके. पडद्यावर तेवढाच गोल वेगळा उठून दिसतो. आणि खरी अडचण पुढेच: एक मेला म्हणजे त्याच तापावर तितकेच तास चाललेले बाकीचे रांगेत उभे आहेत. सगळा सेट बदला. चारशे रुपये वाचवायला काच दुसऱ्यांदा उचलणं हा कुठलाच हिशोब नाही.

जुन्या पट्टीखालचा गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा. नवी पट्टी पत्र्याला सपाट चिकटली पाहिजे, कारण तिची उष्णता त्या पत्र्यातूनच जाते; मधे पोकळी राहिली तर तिथला एलईडी आधी जाईल. स्वस्त सेटमधल्या लेन्स हलक्या असतात. प्रत्येक लेन्स नखाने हळूच ढकलून बघा. सुटली तर फेविक्विकसारखा इन्स्टंट गोंद वापरू नका, त्याची वाफ लेन्सवर पांढरी साय धरते. दोन भाग मिसळायच्या इपॉक्सीचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब लेन्सच्या तीन पायांना लावा, एलईडीला लागू देऊ नका, आणि पूर्ण वाळू द्या.

बरेच जण इथेच थांबतात आणि टीव्ही वर्षभरात परत येतो. पट्ट्या मुळात का गेल्या? दुकानात उजळ दिसावा म्हणून सेट मोठ्या करंटवर चालतो, घरी कोणी ते कमी करत नाही आणि एलईडी सतत तापतो. म्हणून नव्या पट्ट्यांबरोबर करंट कमी केलाच पाहिजे.

मेनूत बॅकलाइट नावाची सेटिंग शोधा. बऱ्याच सेटमध्ये ब्राइटनेस ही सेटिंग फक्त काळ्या रंगाची पातळी हलवते, एलईडीला तिचा काही फरक पडत नाही. बॅकलाइट ५० ते ६० वर आणि पिक्चर मोड व्हिव्हिडऐवजी स्टँडर्ड. मुलांच्या हातात रिमोट गेला की ते परत शंभरावर जाणार, म्हणून बोर्डवरच तजवीज केलेली चांगली. बऱ्याच ड्रायव्हरमध्ये एलईडी मायनसच्या वाटेवर ग्राउंडकडे जाणारे दोन ते चार एसएमडी (बोर्डवर सपाट बसवलेले बारीक) रेझिस्टर पॅरललमध्ये असतात. समजा ३ ओहमचे तीन आहेत. मिळून १ ओहम. एक काढला की १.५ ओहम होतात आणि करंट दोन तृतीयांशावर येतो. सारख्या ओहमचे चार असतील तर एक काढून २५ टक्के कमी. एवढा फरक डोळ्याला फारसा कळत नाही, पट्टीच्या तापमानाला मात्र कळतो. काही आयसीत करंट एकाच रेझिस्टरने ठरतो. तिथे तो काढायचा नसतो, जास्त ओहमचा घालायचा असतो. आधी आयसीचा नंबर वाचून डेटाशीट बघा.

एक घोटाळा इथे हमखास होतो. बूस्टच्या मॉस्फेटखालीही असेच रेझिस्टर असतात, किंमत बहुधा एक ओहमच्या बरीच खाली. ते एलईडीचा करंट ठरवत नाहीत, मॉस्फेटची मर्यादा ठरवतात. ते काढले की टीव्ही चालू होताना बॅकलाइट धडपडते किंवा येतच नाही. काम झाल्यावर मीटर एलईडी प्लसच्या सिरीजमध्ये लावून, मेनूत बॅकलाइट शंभरावर ठेवून, करंट प्रत्यक्ष मोजा.

काच बसवण्याआधी नुसती डिफ्युझर प्लेट ठेवून पट्ट्या तासभर पेटत्या ठेवा. कुठे काळपट, कुठे निळसर दिसतंय का ते बघा. मग शीट. त्यांची कानं खिळ्यांत नुसती अडकवायची, चारी बाजूंनी टेप मारायचा नाही. गरम झाल्यावर शीट पसरतात आणि जागा नसली की सुरकुततात. शेवटी टी-कॉनची केबल. ती जराशी तिरकी बसली तर बारा व्होल्टची पिन शेजारच्या सिग्नलवर टेकते आणि चांगला बोर्ड जळतो. सरळ बसली आहे हे दोनदा बघून मगच प्लग लावा.

हे काम दुकानात देणार असाल तर आधीच विचारून घ्या: सेट पूर्ण बदलणार की एलईडी, करंट कमी करणार का, आणि उचलताना पॅनल फुटलं तर भरपाई कोणाची. उत्तरं बिलावर लिहून घ्या. जुन्या पट्ट्या परत मागा. ३२ आणि ४३ इंचीला बॅकलाइटचं काम बहुतेक वेळा परवडतं. ५५ च्या पुढे काच फुटायची जोखीम आणि मजुरी दोन्ही वाढतात; त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा नव्याची किंमत बघूनच ठरवा. नव्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त खर्च येत असेल तर माझं मत नवीन घ्या असंच.

'लाइट कमी-जास्त झाली म्हणून पट्ट्या गेल्या' हे सगळीकडे ऐकू येतं. ड्रायव्हर करंट स्थिर ठेवतो, त्यामुळे मेन व्होल्टेजच्या चढउताराचा पट्ट्यांशी फारसा संबंध येत नाही, आणि बॅकलाइट वाचावी म्हणून स्टॅबिलायझर घेण्यात अर्थ नाही. वीज कडाडते तेव्हा गोष्ट वेगळी. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे वळवाच्या पावसात सप्लाय बोर्ड आणि एचडीएमआय पोर्ट उडतात. तिथे प्लगबरोबर सेटटॉप बॉक्सची केबलही काढून ठेवायची. आणि २०१९ किंवा २०२१ च्या पुरात भिजून माळ्यावर पडलेला टीव्ही कोणी 'फक्त बॅकलाइट गेली आहे' म्हणून आणला, तर आधी शीट बघा. पाणी शिरलेल्या शीट एकमेकींना चिकटलेल्या असतात, त्यांवर गाळाचे नकाशे उमटलेले असतात आणि काचेच्या कडेच्या फिल्मखाली हिरवट गंज धरलेला असतो. तिथे नव्या पट्ट्या घालायच्या नाहीत. सप्लाय बोर्ड कोरडा राहिला असेल तर तेवढा काढून ठेवायचा आणि बाकीचं ई-कचऱ्यात.